ओळीतला मोठा आकडा

तिनं आणि मी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे तिचं बोट टोचणं. श्रावणातला रविवार होता, बाहेर पाऊस लागून राहिलेला. ती बांकावर बसली, डाव्या हाताचं मधलं बोट माझ्यापुढं केलं आणि तोंड जनेलाबाहेरच्या पावसाकडं फिरवलं. बाळंतपण घरातल्या घरात काढलेली बाई, पण ती टाचणीएवढी सुई तिला बघवत नसे.

"सरळ धर गो."

"धरलाय. टोचा एकदाचा. बोट आसा ह्या, टायर न्हय."

मी जन्मभर दिचोलीच्या खाणींवर ट्रक चालवला. त्यामुळं माझ्या हाताला काही नाजूक जमत नाही असं तिचं ठाम मत होतं. माझा आवाज चढला की म्हणायची, "इंजिन बंद करा आधी." चिमटीत धरून मी बोट दाबलं, थेंब आला, पट्टीला लावला. यंत्रानं थोडा वेळ घेतला आणि आकडा दाखवला.

"एकशे बारा."

"चांगला काय?"

"चांगला."

"मग चेडवाक फोन करा. आणि मी न्हाऊक जातंय, आता माका शिवा नकात."

मी मुलीला फोन लावून आकडा सांगितला. ती म्हणाली, छान बाबा, आता आज काही नाही ना, उद्याच. मी म्हटलं, उद्याच. बायको तोवर न्हाणीत गेली होती. तांब्याचा आवाज येत होता. एवढंच झालं. त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही नव्हतं, पण आता तेच एक राहिलंय.

माझं शिक्षण मराठी दुसरीपर्यंतचं. आमचं मूळ घर सावंतवाडीकडचं. बाप खाणीवर कामाला आला आणि आम्ही गोव्याचे झालो. लग्न केलं ते पेडण्याच्या मुलीशी, आणि खाणी बंद पडल्यावर ट्रक विकून तिच्याच गावात घर बांधून राहिलो. घरात बोलणं मालवणीतून, देवाचं वाचणं मराठीतून. गोव्याचं राज्य झालं त्या वर्षांत कोकणी की मराठी यावरून भांडणं चालली होती तेव्हा दोन्ही बाजूंच्या लोकांनी रस्त्यात माझा ट्रक अडवला आणि विचारलं, तू कुठल्या बाजूचा? मी दोघांनाही सांगितलं, मी गाडीच्या उजव्या बाजूचा, रस्ता सोडा. आकडे मात्र मला येतात. ट्रकवाल्याला आकडे यावेच लागतात.

बायकोला साखरेचा आजार निघाला तेव्हा मुलगी पणजीला नोकरीला होती. तिचं सगळं काम कॉम्प्युटरवर. ती म्हणाली, आईचे आकडे मी मांडून ठेवते. तिनं एक यंत्र आणून दिलं, मला टोचायला शिकवलं, आणि रोज फोनवरून आकडे घ्यायला लागली. महिन्यानं ते सगळं छापून एक कागद घेऊन आली. आखीव, सुंदर. एक दिवस म्हणजे एक आडवी ओळ. ओळीत चार चौकटी: उपाशी, दुपार, संध्याकाळ, निजताना. चौकटींवरची नावं तिनं मराठीतून घातली होती, आईला वाचता यावीत म्हणून. आणि प्रत्येक ओळीत एक चौकट पिवळी.

बायकोनं कागद हातात घेतला आणि खूश झाली.

"हळद लावलंस गो बाय? बरा केलंस."

नव्या वस्तूला, लग्नाच्या पत्रिकेला, घरात आणलेल्या यंत्राला आपण हळदीचं बोट लावतो. तिला वाटलं तसंच आहे हे. मुलगी हसून लोळायची बाकी राहिली.

"आई, हळद न्हय ती! पिवळा म्हणजे वायट. त्या दिवसातला सगळ्यात मोठा आकडा."

"मग तांबडा तरी करूचा. वायटाक पिवळा कोण करता?"

मी विचारलं, एवढं रंगवत कोण बसलं? मुलगी म्हणाली, कोणी नाही बाबा, कॉम्प्युटरला एकदा सांगून ठेवलंय. प्रत्येक ओळीत बघ, मोठ्यात मोठा आकडा शोध आणि तेवढी चौकट पिवळी कर. आपण नुसता आकडा घालायचा, रंग आपोआप लागतो. मला ते फार पटलं. माणसाला एक काम सांगितलं तर तो दहा दिवस करतो आणि अकराव्या दिवशी विसरतो. हे विसरणारं नव्हतं.

म्हापशाच्या डॉक्टरलाही कागद आवडला. त्याच्या दारात नेहमी लग्नघरासारखी गर्दी. एकेका माणसाचे शंभर आकडे तो कधी वाचणार? त्यानं बोट वरून खाली पिवळ्यावरून फिरवलं आणि म्हणाला, "दुपारचा वर जातो. भात कमी करा." दोन मिनिटांत झालं. बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "चेडू हुशार आसा. डॉक्टराचो येळ वाचवलान." त्या दिवशी बसमध्ये ती तो कागद पदराखाली धरून बसली होती, पाऊस लागू नये म्हणून.

तेव्हापासून घरात पिवळ्याशी वैर सुरू झालं. तिनं आंबा सोडला. आमच्या दारात मानकुराद, आणि ती त्याखाली बसून कैऱ्यांची लोणची घालायची, पिकलेला तोंडात घालायची नाही. भात अर्धा केला. पाववाला पोदेर सकाळी भोंगा वाजवत यायचा, त्याच्याकडून नुसती कुंड्याची पोय घ्यायची, कोंड्याचा पाव. साखरेचा डबा तिनं उचलला आणि शेजारणीला देऊन टाकला. मी म्हटलं, अगो, मला कोणी पिवळं केलंय? तर म्हणाली, "घरात असला तर हात जाता." मग मीही कोरा, कडू चहा प्यायला लागलो. जन्मभर खाणीवर तीन चमचे घालून पिणारा माणूस मी.

तरीही ओळीत पिवळं असायचंच. ते तिला पटत नसे.

"काल मी काय्येक खाल्लंय नाय. तरी पिवळा?"

मुलगी फोनवर समजावायची, आई, प्रत्येक ओळीत एक तरी मोठा असतोच. आकडा कितीही लहान असला तरी त्या ओळीतला मोठा तो मोठा.

"म्हणजे माझी सुटका नाय."

"सुटका आहे गो. पिवळ्यातला आकडा बारीक होऊ दे, म्हणजे झालं."

पिवळ्यातला आकडा बारीक करायचा, हे तिला समजलं. तेच तिचं काम झालं. संध्याकाळी दोघं बसून आम्ही कालचं आणि आजचं बोलायचो. काल दोनशे चाळीस, आज दोनशे बारा. ती म्हणायची, बघितल्यात? जसं काही कोणाला पळण्यात हरवलंय. तरी दुपारचा तो खाली खाली म्हणून येईना. माशाचं तिखलं आणि भात खाल्लाच नाही तर ती जगणार कशी? शेवटी आषाढात डॉक्टरनं पिवळ्यावरून बोट फिरवून मान हलवली आणि गोळी वाढवली. सकाळी एक होती, तिच्या दोन झाल्या. "एक दिवस चुकवायची नाही," तो म्हणाला. ती कशाला चुकवते!

आता रविवारचं सांगतो.

आमच्याकडं श्रावणातल्या रविवारी बायका आदित्याची पूजा करतात. आयतार म्हणतात. लग्न झाल्यावर पाच वर्षं करायचा असतो. हिनं सोडलाच नाही. सकाळी न्हाऊन सोवळ्यात राहायचं, पाटावर चंदनानं सूर्य काढायचा, परसातली तऱ्हेतऱ्हेची पानं वाहायची, कहाणी सांगायची, नैवेद्य दाखवायचा आणि मग काय ते तोंडात घालायचं. रक्त निघालेलं त्या दिवशी चालत नाही. जखम झालेली बाईसुद्धा पूजेला बसत नाही. म्हणून हिनं ठरवून टाकलं, न्हाण्याआधी एकदा बोट टोचायचं, मग दिवसभर नाही. निजतानाही नाही, कारण व्रत ते व्रत. मुलगी म्हणाली, ठीक आहे आई, एक दिवस राहू दे. मीही म्हटलं, राहू दे.

त्यामुळं झालं काय, की श्रावणातल्या रविवारच्या ओळीत एकच आकडा. सकाळचा. बाकी तीन चौकटी रिकाम्या. आणि एकटा असला तरी त्या ओळीतला मोठा तोच, म्हणून पिवळा तोच. सकाळचा आकडा तिचा नेहमीच लहान. एकशे दहा, एकशे अठरा. वरून खाली पिवळं बघत आलं की दोनशे, दोनशे तीस, दोनशे दहा, आणि मध्येच रविवार: एकशे दहा.

श्रावणाच्या मध्यावर आम्ही डॉक्टरकडं गेलो तेव्हा त्याचं बोट तिथं थांबलं.

"रविवार बघा किती छान आहे! रविवारी काय करता तुम्ही?"

"आदित्याची पूजा," ती म्हणाली. अशी ताठ बसून म्हणाली, की जशी पूजा डॉक्टरनंच सांगितली होती.

"मग रोज करा!"

आम्ही तिघंही हसलो. घरी येईपर्यंत ती तेच बोलत होती. मुलीला फोन करून तिनं सांगितलं, डॉक्टर म्हणालो रोज करा. मुलगीही हसली. त्या चौकटी रिकाम्या होत्या हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. पण रिकाम्या फेरीचं कोणी काही विचारत नाही. भरून गेलेल्या गाडीचंच विचारतात. मी तसाच विचार केला असणार. खरं म्हणजे मी काहीच विचार केला नव्हता.

तर त्या रविवारी न्हाऊन आली ती ओल्या केसांनी, आणि आधी गोळ्या घेतल्या, कोऱ्या चहाबरोबर. रोज गोळ्यांवर पोय असायची, त्या दिवशी नाही. मी म्हटलं, उपास आसा तर गोळी पूजा झाल्यार मागीर घे. म्हणाली, "गोळीक उपास नसता. डॉक्टर काय म्हणालो? चुकवूची नाय." डॉक्टर तिच्या बाजूनं होता.

मग ती पावसात परसात गेली, पानं खुडून आली. हळदीची पानं आणली आणि पातोळ्या करायला बसली. पानावर तांदळाचं पीठ थापायचं, मधे खोबरं आणि गूळ, पान दुमडायचं, वाफवायचं. गूळ मी शनिवारी देवापुरता आणला होता. घराला हळदीच्या पानांचा वास लागला. त्यात बराच वेळ गेला. पूजा नेहमी दुपारच्या आधी व्हायची, त्या दिवशी उशीर झाला, कारण चूल धुरटली. ओलं लाकूड.

कहाणी ती स्वतःच सांगायची. मी हातात तांदूळ धरून समोर बसायचो, मध्ये मध्ये हूं म्हणायचो. इतक्या वर्षांत मला ती पाठ झाली होती. त्या दिवशी ती सांगत सांगत एका ठिकाणी आली आणि अडकली. "त्या बायेन..." म्हणाली. परत म्हणाली, "त्या बायेन..." मी पुढचे शब्द दिले.

"तुमी मधे बोला नकात! माका म्हाइत आसा."

अशी ती माझ्यावर कधी चिडत नसे. चिडायची ती हसून चिडायची. कपाळाला घाम आला होता. मी म्हटलं, चुलीपाशी बसलीस म्हणून. तिनं कहाणी मध्येच संपवली. सूर्याला नैवेद्य दाखवला, हात जोडले. पातोळ्यांचं ताट समोर होतं.

"खा गो एक. देवाक दाखवून झाला."

"नको."

"प्रसाद आसा. प्रसादाक काय होता?"

"गूळ आसा त्यात. खुळे झालास? उद्या सकाळी पिवळा पडात आणि चेडू आराडात."

तिनं पातोळीचा एक कण चिमटीनं काढून जिभेला लावला, देवाचा मान म्हणून, आणि ताट माझ्याकडं सरकवलं. "तुमी खावा." मी खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या. बसून खाल्ल्या, तिच्यासमोर.

आपल्यासाठी तिनं उसळ-भात ठेवला होता, अर्धी वाटी. तो घ्यायला उठली आणि परत बसली. म्हणाली, गरगरतंय, जरा पडते, मग जेवते. मला वाटलं उपासाचं पित्त. दरवर्षी थोडं व्हायचं. मी चटई घातली, ती आडवी झाली. अंग घामानं भिजलेलं, हात थरथरत होते. पावसातली गार हवा, आणि तिचं लुगडं ओलं. तेव्हा मात्र मला बरं वाटेना. मी यंत्र घेऊन आलो.

"बोट दी."

"आज नाय."

"एकदा बघूया गो. कोणाक सांगूचा नाय."

"व्रत आसा." तिनं मूठ मिटली.

ती मूठ मला उघडता आली असती. ट्रकचं स्टिअरिंग फिरवून माझे हात अजून दगडासारखे आहेत. पण बायकोची मिटलेली मूठ जोरानं उघडायची, तीही तिच्या देवासमोर, ही गोष्ट मला सुचलीच नाही. मी यंत्र बाजूला ठेवलं आणि पंख्यानं वारा घालत बसलो. मध्ये एकदा डोळे उघडून तिनं मला विचारलं, "गाडी खय लावलास?" ट्रक विकून किती वर्षं झालेली! मी म्हटलं, दारात आसा, नीज तू. पुढचं ती काहीतरी बोलली ते शब्द नव्हते.

मी ओरडत शेजाऱ्याकडं गेलो. त्याची रिक्षा होती. दोघांनी उचलून तिला आत घातली. वाटेत मी तिच्या तोंडावर पाणी मारत होतो आणि नाव घेऊन हाका मारत होतो. चारचौघांत नाव घेऊन मी तिला कधी हाक मारली नव्हती.

सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं काही न विचारता बोट टोचलं. या वेळी मूठ सैल होती. यंत्र बघून तिनं नर्सला मोठ्यानं आकडा सांगितला: अठ्ठावीस. मला वाटलं चुकून सांगितला. एवढा लहान आकडा असतो हेच मला ठाऊक नव्हतं.

"काही गोड दिलंत का हिला? साखर, गूळ, काहीतरी?"

"नाही बाई," मी म्हटलं. "साखर हिला एकदम बंद. आम्ही घरात साखर ठेवत नाही. कडक पाळतो."

मी हे छाती काढून सांगितलं. ती डॉक्टरीण वळून आत गेली. त्यांनी शिरेतून साखरेचं पाणी दिलं. आकडा वर आला, नर्स येऊन सांगून गेली, वर आला, शंभरावर गेला. मी म्हटलं, मग आता उठेल. ती उठली नाही. दिवेलागणीच्या आधी तिचं हृदय बंद पडलं. पणजीहून मुलगी पोचली तेव्हा मी बाहेरच्या बांकावर होतो. तिला माझ्याकडं बघूनच समजलं.

डॉक्टरीण आम्हाला दोघांना बसवून बोलली. सरळ बोलली, त्याबद्दल मी तिला नावं ठेवणार नाही. गोळी घेतली आणि पोटात काही गेलं नाही, तर साखर खाली जाते. "वर गेलेली हळूहळू त्रास देते. खाली गेलेली एका दुपारात माणूस नेते. आधीही खाली जात असणार. कळलं नाही का घरी?" मुलगी म्हणाली, "आमच्याकडं सगळे आकडे आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलं. बायका आत, बाप्ये बाहेर ओसरीवर. तिला माजघरात ठेवलं होतं. मी आत गेलो तर मुलगी रांधणीच्या दाराशी भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर तिचा कॉम्प्युटर. बायका तिच्याकडं बघून आपसात कुजबुजत होत्या, आई अशी निजलेली आणि ही काय घेऊन बसली आहे! मी जाऊन शेजारी बसलो.

"बाय, बंद कर तो."

"मी सांगितलं होतं बाबा त्याला. मोठा शोध. नुसता मोठा शोध. खालचा बघायला सांगितलंच नाही."

ती रडत नव्हती, आणि ते मला जास्त भेसूर वाटलं. बायको गेली होती. तिचं माझ्या हातून काही होणार नव्हतं. ही जिवंत होती, आणि उरलेला जन्म हे डोक्यावर घेऊन चालणार असं तिच्या तोंडावर लिहिलेलं मला दिसत होतं. तिची आई असती तर दोन शब्दांत तिला रागे भरून उठवलं असतं. मला काय येतं? मी पडद्याकडं बघितलं. शेवटची ओळ रविवारची. एकशे बारा, पिवळा. पुढं तीन चौकटी पांढऱ्या.

"अठ्ठावीस घाल," मी म्हटलं. "संध्याकाळच्यात."

तिनं घातला. पिवळं जिथं होतं तिथंच राहिलं, एकशे बारावर. आम्ही दोघं बघत होतो.

"लहानाक पिवळा करता येता काय?"

"येतं बाबा. काही कठीण नाही. एकच शब्द बदलायचा."

"बदल."

तिनं बदलला. पडद्यावरचं सगळं पिवळं एकदम हललं. दुपारच्या रांगेतलं उडून सकाळच्या रांगेत आलं, काही संध्याकाळी गेलं. अठ्ठावीस पिवळा झाला. मी तिला म्हटलं, वर जा, मागचे आयतार दाखव. ती वर गेली. मागचा रविवार: एकशे दहा, पिवळा. त्याच्या मागचा: एकशे अठरा, पिवळा. तसेच होते ते, जागचे हलले नव्हते. एकच आकडा होता ओळीत. मोठा म्हटलं तरी तोच, लहान म्हटलं तरी तोच.

"बघितलंस? तसा सांगितला असतास तरी दिसला नसता. ज्या दिवशी खाली जाय होता त्या दिवशी आमी टोचलाच नाय."

"रिकाम्या चौकटीला रंग लागत नाही बाबा," ती म्हणाली.

"नाय लागत. मग तुझो काय दोष?"

मला वाटलं, आता तिचं ओझं थोडं उतरेल. हिशेब बरोबर होता. पण ती पडद्यावरच्या त्या पांढऱ्या चौकटींवरून बोट फिरवायला लागली, एकीवरून दुसरीवर, आणि तेव्हा तिला रडू फुटलं. असं रडली की आतल्या बायका धावत आल्या. एकीनं तिला कुशीत घेतलं, दुसरीनं कॉम्प्युटर उचलून फळीवर ठेवला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो तर मधे बायका, माझा हात पोचला नाही. तिथं माझं काम नव्हतं.

बाहेरून कोणीतरी सांगत आलं, लाकडं ओली आहेत, पेटायची नाहीत, दुसरी बघायला हवीत. माझ्या गोठ्याच्या माळ्यावर आंब्याची सुकी लाकडं होती. गेल्या उन्हाळ्यात फांदी मोडली ती मी फोडून ठेवलेली. रिक्षावाला शेजारी म्हणाला, "तुमी बसा काका, तुमका अग्नी देवचो आसा, आमी काढतो." मी बसलो नाही. शिडी लावली, माळ्यावर चढलो आणि एकेक लाकूड खाली देत राहिलो.